पुढचं डावं चाक

रस्ता खणलेला होता आणि खणलेल्या भागावर लोखंडी पत्रे टाकले होते. मेघनाने गाडी हळू केली, पुढची चाकं पत्र्यावर चढली, उतरली, आणि माझ्या पायांखाली, डाव्या बाजूला, खट्‌ असा आवाज झाला. एकदाच. मागची चाकंही उतरली, पण ती निमूट. मी डावीकडच्या सीटवर बसलो होतो. या सीटवर मी आजवर कधी बसलो नव्हतो. गाडी आमच्याकडे आल्यापासून, म्हणजे सतरा वर्षं, स्टीअरिंगमागे मी आणि डावीकडे मीनाक्षी, अशी वाटणी होती. ती चौदा महिन्यांपूर्वी एका रविवारी दुपारी संपली. मीनाक्षी बुटकी, तिला पुढचं सगळं दिसायला हवं असायचं, म्हणून तिने सीट पार पुढे ओढून घेतली होती. माझे गुडघे समोरच्या खणाला टेकत होते. सीटखालची कळ दाबून मागे सरकता आलं असतं. मी तसाच बसलो. आणि हा आवाज या जागेवर कसा लागतो ते मला पहिल्यांदा कळलं. तो कानांना कमी आणि तळपायांना जास्त लागतो. चपलेतून वर येतो, नडगीपर्यंत. तिने मला हे कधी सांगितलं नव्हतं. किंवा सांगितलं असेल. मी रस्त्याकडे बघत असायचो.

"हाच ना तो?" मेघनाने विचारलं.

"हो."

"बाप रे. हे असं होतं आणि तुम्ही आईला घेऊन पार परळपर्यंत गेलात." तिने एक हात स्टीअरिंगवरून काढून माझ्या मनगटावर ठेवला आणि लगेच परत नेला, रस्ता अरुंद होता म्हणून. "चाकच निखळलं असतं, बाबा."

मी खिडकीबाहेर बघू लागलो. सँडहर्स्ट रोडच्या पुलाखाली कोणी चादरी वाळत घातल्या होत्या. चाक निखळलं असतं. हे वाक्य मी इतक्या जणांकडून ऐकलं आहे की ते आता आमच्या घरातल्या भांड्यासारखं झालं आहे, कोणीही उचलतं, वापरतं, जागेवर ठेवतं. दहाव्या दिवशी मीनाक्षीचा भाऊ काहीतरी विचारू बघत होता, रविवारची दुपार, मोकळे रस्ते, गिरगावातून परळला इतका वेळ कसा लागला, तेव्हा मी तोंड उघडायच्या आत मेघनाच म्हणाली, "मामा, पुढचं चाक निखळायला आलं होतं. बाबांनी जपून नेली म्हणून निदान हॉस्पिटलपर्यंत तरी पोचली आई." पुढे तेराव्याला मामाच हे दुसऱ्यांना सांगत होता. पण हे वाक्य पहिल्यांदा मी उच्चारलं. तातडीच्या विभागात, स्ट्रेचर आत गेल्यावर, एका तरुण डॉक्टरने मला विचारलं, त्रास कधी सुरू झाला, आणि कागदावर वेळ लिहिली, मग भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. मीच म्हणालो, "गाडीचा बॉल जॉइंट गेलाय. चाक निखळलं असतं." तो मान हलवून आत गेला. मला नंतर कितीदा तरी वाटलं की त्या मुलाला बॉल जॉइंट म्हणजे काय हे माहीत नसणार. मलाही नव्हतं. मी ते वाचलं होतं.

आता ते कळणार होतं. मेघनाला गाडी विकायची नव्हती. "आईच्या पैशांची गाडी आहे," ती म्हणायची. ते खरं होतं. टेलिफोन खात्यातून स्वेच्छानिवृत्ती घेतल्यावर मीनाक्षीने पहिली गोष्ट केली असेल तर ही गाडी घेतली आणि दुसरी म्हणजे मला बावन्नाव्या वर्षी मोटार ट्रेनिंग स्कूलमध्ये घातलं. मेघना लग्नानंतर दादरला राहते, गाडी शिकली आहे. रस्ता काँक्रीटचा होणार म्हणून चाळीसमोरच्या सगळ्या गाड्या हलवायची नोटीस लागली, तेव्हा तिने नवी बॅटरी बसवून घेतली आणि जाहीर केलं की आता ती ही गाडी वापरणार, फक्त आधी तो बॉल जॉइंट बदलायचा. तिच्या बँकेतल्या नेरिसाचे काका बेसिल, त्यांचं माझगावला गॅरेज. "तुम्ही गाडीजवळ थांबा," ती म्हणाली, "मला दहाला बँक उघडायची आहे, चाव्या माझ्याकडे आहेत. बारा-साडेबाराला सुटून येते." मी हो म्हटलं. नाही म्हणायला काही कारण सांगावं लागलं असतं. चौदा महिने मी रोज सकाळी खाली जाऊन गाडीवरचं कव्हर झटकत होतो, एकदाही दार उघडलं नव्हतं. गाडी भंगारात जावी असं मला वाटत होतं का? वाटत होतं. आणि ती भंगारात गेली तर जे कळायचं ते कायमचं राहून जाईल, या विचाराने पहाटे दरदरून घामही येत होता. दोन्ही खरं होतं. तो जॉइंट खरोखर गेलेला असेल तर मी त्या दुपारी जे केलं ते शहाण्या माणसाने करावं तसं केलं. नसेल, तर.

गॅरेज डॉकयार्डच्या भिंतीला लागून होतं. वर पत्रा, आत एका कोनाड्यात क्रूस आणि त्याच्याशेजारी पुढच्या वर्षाचं कॅलेंडर, अजून गुंडाळलेलं. बेसिल साठीचे असतील. पोट मोठं, बोटं त्याहून मोठी. मेघना किल्ली देऊन टॅक्सीने गेली. त्यांनी मला बाकावर बसवलं.

"नेरिसा बोलली मला, सर. चाय मागवू?"

"नको. नको, झालाय."

"मॅडम फोनवर बोलल्या बॉल जॉइंट गेलाय. कुठल्या गॅरेजवाल्याने बघितला?"

"कोणी नाही. मीच."

"तुम्ही लाईनमधले?"

"नाही. मी कॉलेजच्या लायब्ररीत होतो."

बेसिल हसले. वाईट हसले नाहीत. "म्हणजे वाचून बघितला." शेजारच्या गाळ्यात पत्रा ठोकत बसलेल्या माणसाला त्यांनी हाक मारली, "दौलत, ऐकला काय? सरांनी पुस्तकात बघून फॉल्ट काढलाय." दौलत हातोडी न थांबवता म्हणाला, "तुझ्यापेक्षा बराच की मग. तू तर न बघताच काढतोस."

मीही हसलो. मला हीच भीती वाटायची, गॅरेजमध्ये असं कोणी हसण्याची, आणि ते हसणं झालं तेव्हा लक्षात आलं की यात काहीच नव्हतं. तो आवाज सुरू झाल्यावर दोन महिने मी कुठल्याही गॅरेजवाल्याकडे गेलो नव्हतो. म्हणजे दोनदा गेलो होतो. एकदा तो जेवत होता म्हणून परत आलो. दुसऱ्यांदा तो जेवत नव्हता, तरी परत आलो. तो काय विचारेल, मी काय सांगेन, कोणत्या शब्दात सांगेन, या तयारीतच माझा गल्लीपर्यंतचा रस्ता संपायचा. त्यापेक्षा फाउंटनजवळच्या पदपथावर आमच्या मॉडेलचं दुरुस्तीचं जुनं मॅन्युअल मिळालं ते बरं वाटलं. इंग्रजी, जाडजूड, गाडीचे सगळे अवयव सुटे करून हवेत मांडल्यासारख्या आकृत्या. मी ते कादंबरी वाचावी तसं वाचलं. शेवटी तक्ते होते, डावीकडे लक्षण आणि उजवीकडे कारणं. खड्ड्यातून जाताना ठोकल्यासारखा आवाज: कारणं चार. पहिलं बॉल जॉइंट, आणि त्याच्यापुढे काळ्या चौकटीत सूचना, की हा सांधा निसटला तर चाक आतल्या बाजूला कोलमडतं आणि गाडीवरचा ताबा जातो. बाकीची तीन कारणं मी वाचली, पण ती वाचल्यासारखी वाचली. चौकट मात्र डोळ्यात राहिली. बऱ्याच महिन्यांनी, मीनाक्षी गेल्यावर, मी तो तक्ता पुन्हा काढला आणि बघतो तर चारही कारणं इंग्रजी अक्षरक्रमाने लावलेली होती. बी आधी येतो म्हणून बॉल जॉइंट आधी. चौतीस वर्षं मी कार्डं अक्षरक्रमाने लावली. खणातलं पहिलं कार्ड म्हणजे सर्वांत महत्त्वाचं पुस्तक नव्हे, हे माझ्याइतकं कोणाला माहीत होतं? मॅन्युअल मी मिटलं आणि कपाटावर, वरच्या बाजूला, भिंतीकडे कणा करून ठेवलं. तेव्हापासून ते तिथे आहे. पण आवाज खाली राहिला नाही. तो घरात यायला लागला. वरच्या मजल्यावर कोणी कॅरम खेळतं, सोंगटी कडेवर आदळते, खट्‌, आणि माझा डावा पाय आपोआप उचलला जातो. शेजारच्या खोलीत स्टूल ठेवतात. कडी पडते. प्रत्येक वेळी त्या आवाजानंतर एक लहानशी रिकामी जागा असते आणि त्या जागेत मी थांबून राहतो, कारण तिथे 'अहो' असं ऐकू येणार असतं. येत नाही. येणार असतं, इतकंच.

बेसिलनी गाडी जॅकवर घेतली. चाक हवेत उचललं गेलं तेव्हा मला उगाच तिथून उठून जावंसं वाटलं, डॉक्टर पेशंटचे कपडे काढायला लागल्यावर नातेवाईक उठतात तसं. त्यांनी टायर वर-खाली धरून हलवला. मग एक पहार आणली, टायरखाली घातली आणि वर उचकली. एकदा, दोनदा. खाली वाकून बॅटरीच्या उजेडात बघत राहिले. मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होतो. त्या रविवारीही मी असाच बॅटरी घेऊन वाकलो होतो.

दुपारी साडेतीनला, जेवणं होऊन मीनाक्षी वर्तमानपत्र घेऊन आडवी झाली होती, तेव्हा म्हणाली, जबडा दुखतोय, आणि हात जड वाटतोय. तिची फाईल परळच्या हॉस्पिटलात होती, तिचे डॉक्टर तिथे. मी म्हटलं टॅक्सी बघतो. ती म्हणाली, "टॅक्सी कशाक? गाडी आसा ना खाली." घाबरली की तिच्या बोलण्यात माहेरचं मालवणी यायचं. तिने साडी बदलली. मी नको म्हणत असताना बदलली. सात रस्त्याला पहिल्यांदा खट्‌ झालं. चिंचपोकळीच्या पुलावर दोनदा. रस्ते रिकामे होते, रविवार दुपार, कोणीही चाळीस-पन्नासने गेला असता. मी वीसने चाललो होतो. काळी चौकट माझ्यासमोर काचेवर होती. ती म्हणाली, "चला हो, काय होवचा नाय." मला वाटलं ती स्वतःबद्दल बोलते आहे. लालबागला उड्डाणपुलाखाली एक मोठं खट्‌ झालं आणि मी गाडी खांबाजवळ घेऊन थांबवली. खणातून बॅटरी काढली. उतरून तिच्या बाजूला गेलो, गुडघ्यांवर बसलो आणि चाकाच्या मागे उजेड टाकला. आत धूळ होती, तेलकट काळी माती, एक रबराची टोपी, एक नट. मी ते सगळं आकृतीशी जुळवून बघत होतो. खरं सांगायचं तर मला तिथे बरं वाटत होतं. सगळं जग त्या एवढ्याशा प्रकाशाच्या गोलात मावत होतं, कोणता भाग कुठे आहे ते मला ठाऊक होतं, आणि डोक्यावर पुलाची सावली होती. काचेवर बांगडी वाजली. मी वर न बघता म्हटलं, "एक मिनिट." परत वाजली. "एक मिनिट म्हटलं ना." मग वाजली नाही. मी बॅटरी इकडून तिकडून मारत राहिलो. किती वेळ ते मी कोणालाही सांगितलेलं नाही. घरच्यांना सांगितलं, दोन मिनिटं. परत आत येऊन बसलो तेव्हा तिचं डोकं काचेला टेकलेलं होतं. डोळे न उघडता तिने विचारलं, "झालं का?" मी म्हटलं, "कळत नाही. हळू नेतो." त्यानंतर ती बोलली नाही. हॉस्पिटलच्या दाराशी पोचलो तेव्हा तिला धाप लागली होती, आणि आत नेल्यावर वीस मिनिटांनी तो तरुण डॉक्टर बाहेर आला.

"सर, इकडे या," बेसिल म्हणाले. "बसा खाली. हात घाला इथे, घाबरू नका."

मी गुडघ्यांवर बसलो.

"हा तुमचा बॉल जॉइंट. मी पहार मारतो, तुम्ही बोट ठेवा. गेला असेल तर खेळ लागेल बोटाला." त्यांनी पहार उचकली. माझ्या बोटाला काहीही लागलं नाही. "नाय ना? टाइट आहे. आता हे ऐका." त्यांनी चाकामागची एक सडपातळ सळई धरून हिसका दिला. खट्‌. खट्‌ खट्‌. तोच. इतका जवळ, इतका क्षुल्लक, कोणी गंजलेला डबा हलवावा तसा. "लिंक रॉड. याचे बुश खलास. रबर आहे ना आत, ते गेलंय. बस, एवढाच लोचा."

"याने चाक निखळतं का?" मी विचारलं.

"याने?" बेसिल माझ्याकडे बघू लागले. "हे काढून फेकलं तरी गाडी चालते, सर. वळणावर जरा झुकते, एवढंच. लोक सहा-सहा महिने असेच फिरतात. रेडिओ मोठा करतात."

"माझ्या टेम्पोला दोन वर्षं नायच आहे ती," दौलत पलीकडून म्हणाला. "फार किरकिर करायला लागली, काढूनच टाकली साली."

"पण चौदा महिन्यांपूर्वी? तेव्हा कदाचित तो जॉइंट..."

"चौदा महिने गाडी उभी होती ना?"

"हो."

"उभ्या गाडीचा बॉल जॉइंट सुधारत नाय, सर."

हे त्यांनी इतक्या साधेपणाने म्हटलं की मला पटकन काही वाटलंच नाही. मी हात पुसायला फडकं मागितलं. हात पुसले. मग म्हणालो, तो काढून दाखवाल का. बेसिल म्हणाले, चांगला माल कशाला काढायचा? मी म्हटलं, मला हातात घेऊन बघायचा आहे. नेरिसाने त्यांना काय सांगितलं होतं ते मला माहीत नाही. काहीतरी सांगितलेलं असावं. ते निमूटपणे पाना शोधू लागले. पाऊण तास लागला. दौलत मधे एकदा चहा घेऊन आला आणि न विचारता माझ्या हातात ग्लास देऊन गेला.

बेसिलच्या वडिलांपासून त्या गॅरेजची एक शिस्त होती, ती त्यांनी मला काम करता करता सांगितली. गाडीतून जे जुनं निघेल ते गिऱ्हाइकाच्या हातात द्यायचं, वर्तमानपत्रावर मांडून. न्यायचं तर न्या, टाकायचं तर टाका, पण आधी डोळ्यांनी बघा. म्हणून बाकाशेजारच्या फळीवर दोन-तीन कागद अंथरलेले होते आणि त्यांवर निरनिराळ्या गाड्यांतून निघालेले, मालकांची वाट बघणारे भाग होते. लिंक रॉड त्यांनी नव्या कागदावर ठेवला. बॉल जॉइंट माझ्या तळहातावर. तो मला वाटला होता त्यापेक्षा जड होता, आणि कोमट. रबराची टोपी शाबूत होती. वरचा खुंट मी अंगठ्याने ढकलून पाहिला; तो जागचा हलेना, मग जोर लावल्यावर सावकाश, तुपातून फिरावा तसा घट्ट वळला. मी कानाशी धरून हलवला. काहीही वाजलं नाही. आकृतीत दाखवला होता तसाच होता तो, अगदी तंतोतंत. म्हणजे मीनाक्षी आत बसून काच वाजवत होती आणि मी, हातभर अंतरावर, एका चांगल्या, धडधाकट, पुढची दहा वर्षं टिकणाऱ्या वस्तूवर उजेड पाडत होतो. मला रडू आलं नाही. मला आठवलं ते हे, की दहाव्याच्या दिवशी मेघनाने मामाला उत्तर दिलं तेव्हा मला किती हायसं वाटलं होतं. मृत्यूच्या दहाव्या दिवशी मला हायसं वाटलं होतं.

टॅक्सीचं दार आपटल्याचा आवाज आला आणि मेघना आत आली. माझा हात, जॉइंटसकट, मांडीवरच्या कापडी पिशवीत गेला. मी नेला नाही, गेला. ती उन्हातून आली होती, तिला आत धड दिसत नसावं. ती सरळ फळीपाशी गेली. दुसऱ्या कुठल्या तरी गाडीचा एक गंजलेला बॉल जॉइंट तिथल्या कागदावर पडला होता, रबर फाटलेलं, आत माती. तिने तो उचलला.

"हाच का?" तिने खुंट हलवला. तो लटपटत होता, दुधाच्या दातासारखा. खडखड वाजला. "अगं आई गं. बाबा, हा बघा ना. हा तर सुटलाच होता."

बेसिल माझ्याकडे बघत होते. मी त्यांच्याकडे. ते पाठ वळवून नळाखाली हात धुवायला लागले. दौलतची हातोडी कधी थांबली ते मला कळलं नव्हतं.

मेघना माझ्यासमोर उकिडवी बसली. तो जॉइंट तिच्या दोन्ही हातांत होता. तिचा चेहरा विचित्र झाला होता, लहानपणी ताप उतरल्यावर व्हायचा तसा, ओला आणि उघडा.

"मी खोटं बोलत होते, बाबा."

"कधी?"

"सगळ्यांशी. चाक निखळणार होतं, बाबा बरोबर थांबले, असं सांगत फिरत होते. मला नव्हतं पटलेलं. मला वाटत होतं तुम्ही घाबरलात. नेहमी घाबरता तसे. मामा तुम्हाला बोलला असता ते ऐकवलं नसतं, म्हणून मी मधे पडले. पण मनात..." तिने नाक दंडाला पुसलं, बोटं काळी झाली होती म्हणून. "दर रविवारी जेवायला यायचे आणि हात धुतले की निघायचे. तुम्हाला वाटलं असेल मला कामं असतात. तुमच्याकडे बघवायचं नाही मला. वर्षभर मी तुमचा राग राग केला, आणि हा असा होता. बाबा, मला माफ करा."

काहीही करायचं नव्हतं. मला फक्त गप्प बसायचं होतं, आणि ते मी आयुष्यभर न चुकता करत आलो होतो. बेसिल बोलणार नव्हते. तो जॉइंट कुठल्या टॅक्सीचा की टेम्पोचा, कोणाला काय त्याचं. मेघना तो घरी नेईल, कदाचित धुऊन ठेवेल, मामाला दाखवेल. रविवारी जेवून थांबेल, दुपारी लवंडेल, संध्याकाळी आम्ही चहा घेऊ. ती तिच्या आईबद्दल माझ्याशी बोलेल. गेल्या चौदा महिन्यांत आम्ही तिच्याबद्दल एकदाही बोललो नव्हतो. तिच्या कागदपत्रांबद्दल बोललो होतो. हे सगळं माझ्यासमोर उकिडवं बसलं होतं आणि मी नुसता हात तिच्या डोक्यावर ठेवला असता तर झालं असतं. मी तो ठेवणारच होतो. उजवा हात उचललाही. पण ती माफी मागत होती. माझी. मी वाचलेल्या कुठल्याही गोष्टीत, इतक्या गोष्टी वाचल्या, माणूस यानंतर नीट जगलेला मला आठवेना.

"मेघना, तो आपल्या गाडीचा नाही."

"म्हणजे?"

"दुसऱ्या कोणाचा तरी आहे. तू उचललास आणि मी बोललो नाही." मी पिशवीतून हात बाहेर काढला. "आपला हा."

तिने बेसिलकडे पाहिलं.

"हो, मॅडम," बेसिल म्हणाले. "तो तुमचा. आवाज लिंक रॉडचा होता. त्याने काय होत नाय."

तिने हातातला जॉइंट परत कागदावर ठेवला, जिथून उचलला होता तिथेच, आधी होता तसा आडवा. आपला घेतला. कानाशी नेऊन हलवला. मग खुंटावर दोन्ही अंगठे ठेवून ढकलला, नखं पांढरी होईपर्यंत. बराच वेळ ढकलत होती. मी बघत राहिलो. नजर काढून घेता आली असती, पण मी काढली नाही.

"काका, हा चांगला आहे ना?"

"फर्स्ट क्लास."

"मग हाच परत बसवा. नवीन नको."

बेसिल तो घेऊन गाडीखाली गेले. मेघना उठली, ओढणीला हात पुसले, ओढणी खराब झाली ते बघितलं. मला वाटलं ती आता बाहेर जाऊन उभी राहील, फोन काढेल. ती माझ्या शेजारी बाकावर येऊन बसली. तिचा खांदा माझ्या खांद्याला लागला नाही, पण फार लांबही नव्हता. आम्ही दोघंही जॅकवर उचललेल्या चाकाकडे बघत होतो, त्याच्याखालून बाहेर आलेल्या बेसिलच्या पायांकडे.

"घाबरला होतात ना?" तिने विचारलं. आवाजात राग नव्हता. दुसरंही काही नव्हतं.

"हो."

"चाकाला?"

मी उत्तराची तयारी करू लागलो, गॅरेजच्या गल्लीत शिरण्याआधी करायचो तशी. मग तयारी सोडून दिली.

"नाही," मी म्हणालो. "पोचायला."